बेडकाआधी नमस्कार

सेंदाई, १४ नोव्हेंबर १९९६

तीर्थरूप मोरेश्वरकाकांना सुनेत्राचा साष्टांग नमस्कार. गुडघ्यांना तेल लावता ना? (इथल्या थंडीने माझेही गुडघे तुमच्या वयाचे झालेत.)

"जपानात जाऊन पोरांशी कसले खेळ खेळतेस?" असं तुम्ही हेडमास्तरी थाटात विचारलंत. तर ऐका. पडद्यावर चार घरं असतात. बेडूक ज्या घरातून डोकावेल, त्याचं बटण बालवाडीतल्या मुलांनी पटकन दाबायचं. बेडकाचा क्रम ठरलेला, पण तो आपण सांगायचा नाही. खेळता खेळता बोटं आपोआप वेगात चालायला लागतात, आणि विचारलं तर मुलांना क्रम काही सांगता येत नाही. हे नकळत शिकणं मोजून दाखवलं, की मार्चमध्ये माझी पदवी.

तिथेच माशी शिंकली. पोरं खेळात दिवसेंदिवस हळू होत चालली. मी काँप्युटर तपासला, बटणं पुसली, मुलांना खाऊ दिला (तो त्यांनी वेगात खाल्ला). शेवटी ओनो-सेन्सेई, म्हणजे माझे प्राध्यापक, स्वतः बघायला आले. पाच वर्षांच्या युकाने काय करावं? बटणांच्या पेटीला हळूच पाय लावला, मग हात लावून तो कपाळाला टेकवला, आणि मग बटण दाबलं. प्रत्येक बेडकाला हेच. तिच्यानंतरच्या केन्तानेही तेच केलं. मी घाईघाईने उठायला गेले, माझा पाय पेटीला लागला, आणि काका, माझा हात आपसूक पेटीवरून कपाळाशी गेला. आम्ही सगळे जमिनीवर दाटीवाटीने बसतो, माझा पाय पेटीला रोजच लागत होता. मुलांना वाटलं, हा खेळाचाच नियम.

मी वाकवाकून माफी मागायला लागले. सेन्सेई मात्र चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले. आकडे सगळे बाद, आता दुसरी बालवाडी शोधायची आणि पाय मांडीखाली घालून बसायचं. पण या फजितीवर मी प्रबंधात एक प्रकरण लिहिलं, तर ते मला सप्टेंबरपर्यंत मुदत मिळवून देतील. "तुम्हाला हे कोणी शिकवलं?" असं त्यांनी विचारलं. मी खूप आठवून पाहिलं, कोणीच नाही.

काकूंना नमस्कार.
तुमची,
सुनेत्रा

ता. क. खरं काम राहिलंच. हे मला कोणी शिकवलं नाही, नकळतच आलं, असं त्या प्रकरणासाठी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून सेन्सेईंना लिहून हवंय. "या मुलीला कोणी काही शिकवलेलं नाही," असं तुम्ही भर लग्नकार्यातही सांगत असता. तेच कागदावर सहीनिशी द्या.

ता. क. २. काकूंना विचारू नका. त्या म्हणतील, मीच शिकवलं, आणि माझी पदवी जाईल.

ता. क. ३. पाकिटात घालताना पत्र खाली पडलं आणि पाय लागला. वरचा नमस्कार रीत म्हणून लिहिला होता, हा मात्र खरोखर केला.