सुरईवरचा अंगठा

मंगळवार, संध्याकाळ. जुळे सोलापूर.

आमच्या मातीकामाच्या ग्रुपवर साठ माणसं आहेत आणि बोलत कुणीच नाही. ॲडमिन मी. लोकांनी बोलतं व्हावं म्हणून रविवारी एका सुरईचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "माझा पहिला प्रयत्न. मोकळेपणानं सांगा." बावीस अंगठे आले. शब्द एक नाही.

सुरई मी केलेलीच नव्हती. टेंभुर्णीच्या नाक्यावर विकत घेतली होती. पण मी स्वतः केलेली वाटी दाखवण्यासारखी होती का? एका अंगाला कललेली.

आज माढ्याच्या रशीदचाचांना फोन केला. ग्रुपवर खरे कुंभार तेवढे एकच, मीच हौसेनं घेतलेले. म्हटलं, "चाचा, तुम्ही तरी सुरईवर दोन शब्द बोला की."

ते म्हणाले, "काय बोलू ताई? माझीच हाय की ती. गळ्याखाली माझ्या अंगठ्याचा ठसा हाय बगा."

बघितलं. आहे. इतके दिवस शोकेसमध्ये ठेवून मला दिसला नाही? आणि हा माणूस तीन दिवस माझी लाज राखून गप्प.

शेवटी खरं काय ते लिहिलं आणि कललेल्या वाटीचा फोटो टाकला. तासाभरात चाळीस मेसेज. कुणी म्हणे माती ओली, कुणी म्हणे हात कच्चा. दोघींची तर जुंपलीच. चाचाही पहिल्यांदाच लिहिते झाले:

"हिच्यावर ठसा तुमचाच हाय ताई. कुणीबी वळकंल."