मार्ग क्रमांक तीन : पुढे उतार

रविवार, ता. १७ एप्रिल १९३२
सायकल आली. मुंबईहून बोटीने, गोणपाटात गुंडाळून. सेकंडहँड, पण विलायती. बघायला आख्खी आळी लोटली. आमच्या कचेरीतले भिकाजीपंत म्हणाले, रत्नागिरीत सगळे चढ आणि उतार, हिच्यावर बसणार कधी? वीस वर्षे पायी कचेरीत येणारा माणूस. दुसरे काय बोलणार?
संकल्प : रोज पहाटे पाच मैल. रानातल्या वाटा शोधून सायकलीचे मार्ग ठरवणे, त्यांना नंबर देणे, मॅप काढणे. बैलगाडीत पुन्हा पाऊल टाकणे नाही.

सोमवार, ता. १८
पहाट हुकली. सौ.ने उठवले नाही. सौ. म्हणते तीनदा उठवले. पुरावा काय?

बुधवार, ता. २०
काशीताईचे पत्र. भाची मालनचे लग्न ठरले. वैशाख शुद्ध अष्टमी, शुक्रवार १३ मे, गोरज मुहूर्त, मुक्काम आंबेखोल. पोरीला बाप नाही. मामा मी एकटा. बोहल्यावर मीच न्यायचे. खाली तिच्या हातच्या ओळी : मामा, तुम्ही हात धरल्याशिवाय मी पाटावर उभी राहायची नाही. वेळेवर या. गाडीतूनच या.
पत्र दोनदा वाचले. शेवटचे वाक्य सोडून. पोरीला काय कळते!
गाडीरस्ता अठरा मैल, वळसे घालत. रानातून सरळ नऊ. ठरले. मामा सायकलवरून जाणार.

रविवार, ता. २४
मार्ग क्रमांक एक. पाखाडीने. जांभ्याच्या पायऱ्या आहेत हे ठाऊक होते. पण स्पीड पुरेसा असला की पायरी लागत नाही, अशी माझी थिअरी. लागते. बत्तीस. मोजायची गरज पडली नाही.
सौ.ने पाठीला हळद लावली. म्हणाली, लग्न मालनचे ना, मग हळद तुम्हांला कशी? तिच्या माहेरचे लोक असेच फाजील.
मार्ग एक रद्द.

रविवार, ता. १ मे
मार्ग क्रमांक दोन. कातळावर दोन पंक्चर, करवंदीच्या जाळीत धोतर. परत येताना सायकल माझ्या खांद्यावर. वाटेत सखाराम गाडीवान भेटला. म्हणाला, भाऊसाहेब, गाडीत टाका की. मी म्हटले, तिला जरा वारा दाखवतोय. बैलांनीसुद्धा माझ्याकडे पाहिले. मालकासारखेच मठ्ठ.

रविवार, ता. ८, दुपारी ४
मार्ग क्रमांक तीन. सापडला! ऐन-किंजळीचे दाट रान, पाचोळा, खाली मुरमाची लाल वाट. सात मैल गेलो, पैकी दोनअडीच बसून. पुढे ऊन लागले म्हणून थांबलो, कंटाळून नव्हे. तिथे राही नावाची बाई भारा उतरवून बसली होती. तिला विचारले, इथून आंबेखोलला सायकल जाईल का? म्हणाली, जाईल की, आमची म्हस जाते. पुढे काय आहे विचारले. म्हणाली, पुढं उतार हाय.
वा! शेवटचे दोन मैल उतार. पाय मारायला नकोत. मॅपवर लिहून टाकले.
मग लग्नाची वेळ विचारून बाईने बोटांवर तिथी मोजली आणि म्हणाली, अष्टमीला सांजचा उतार नसतो, दुपारी लवकर जावा. मी पोट धरून हसलो. तिथी बघून उतार! उद्या म्हणेल, एकादशीला डोंगर उपास करतो. ती पुन्हा काही सांगू लागली, पण या लोकांशी वाद कोण घालणार? घंटी वाजवली नि वळलो.

मंगळवार, ता. १०
कचेरीत मॅप दाखवला. भिकाजीपंतांनी विचारले, शेवटपर्यंत जाऊन आलात का? म्हटले, उतार काय जाऊन बघायचा असतो? ते नुसते हूं म्हणाले. जळतात.

गुरुवार, ता. १२
सौ. सखारामच्या गाडीतून निघाली. मलाही चला म्हणाली. दोनदा. मालन वाट बघेल म्हणाली. मी म्हटले, गाडीची वाट बघावी लागते, सायकलीची नाही. सखारामला ताकीद दिली, मांडवात मी आधी दिसेन. तो म्हणाला, पोहोचा म्हणजे झालं. उद्धट!

शुक्रवार, ता. १३, दुपारी १२
अकराला निघायचे होते. सायकल पुसली. रेशमी उपरणे घेतले. अक्षता खिशात. जेवून जरा आडवा होतो. नऊ मैलांना लागतो किती वेळ!

त्याच दिवशी, ३ वाजता
डोळा लागला. घाई नाही. उतार आहे.

शनिवार, ता. १४, आंबेखोल
झाले ते क्रमवार लिहितो. नंतर लोक भलतेच सांगतात.
रानात चेन दोनदा पडली. सहा वाजून गेल्यावर शेवटच्या टेकाडावर आलो. समोर आंबेखोलचा मांडव, तोरण, माणसे, सगळे दिसत होते. वाट खाली चालली होती. म्हणजे उतार होताच. पाय उचलून घेतले आणि सोडली. ब्रेक लागला नाही. उताराच्या शेवटी खाडी होती. काठोकाठ भरलेली.
काठावर तीच राही म्हैस घेऊन उभी. मला बाहेर ओढले, सायकलही. म्हणाली, सांगितलं नव्हतं, सांजचा उतार नाय? तेव्हा उलगडा झाला. उतार म्हणजे पाण्यातून पायी पलीकडे जायची जागा. ओहोटीला असतो, भरतीला नसतो. हे बाईने आधी नीट सांगायला नको? खाडी ओलांडून देणारा होडीवाला दादूही पलीकडे, वाजंत्र्यांत सनई वाजवायला गेलेला. हाका मारल्या. त्याने अजून जोरात वाजवली.
मग सनई थांबली आणि भटजींचा आवाज पाण्यावरून स्पष्ट आला : मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे.
मी ओरडलो, आलो! गुडघाभर पाण्यात जाऊन ओरडलो. भटजींनी पुन्हा पुकारले. मी पुन्हा ओरडलो. नंतर मंगलाष्टके सुरू झाली. प्रत्येक सावधानला ओल्या अक्षता पाण्यात टाकल्या. तेव्हा लग्नाला हजर नव्हतो असे कोणी म्हणू नये. फार वाईट वाटले. तोंड खारट झाले होते, पण ते खाडीचे.
होडी आली तेव्हा पंगती उठल्या होत्या.

रविवार, ता. १५
मांडवात काय झाले ते सौ.ला विचारले. तिने सांगितले. मालन खोलीतून उठेना. मामा आल्याशिवाय नाही, म्हणाली. मुहूर्त टळायला आला. मग पोरीनेच डोळे पुसले आणि बाहेर हाक मारली, सखाराममामा, तुम्ही या. लहानपणापासून त्याच्या गाडीत बसून मामा मामा करायची, ती सवय. मामाच्या मानाचे पागोटेही त्यालाच बांधले. माझ्या मापाचे नव्हते म्हणा.
परत गाडीतून. सायकल मागे बांधली. तिला विश्रांती हवी होती.

गुरुवार, ता. २ जून
मालनचे पत्र. ती. मामांस, अशी सुरुवात. कचेरीतून आलेल्या भिकाजीपंतांना मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवले : मामा, त्या दिवशी तुम्ही हात धरलात म्हणून मी उभी राहिले. दिवाळीला मला माहेरी न्यायला या. गाडीतूनच या.
मी म्हटले, बघा, पलीकडून ऐकलेली मंगलाष्टके पोरीने धरली! भिकाजीपंत खाली बघू लागले. सौ.ने पत्र माझ्या हातातून घेतले आणि मागची बाजू पुढे केली. तिथे लिहिले होते : हे पत्र सखाराममामांना वाचून दाखवावे, त्यांना वाचता येत नाही. सायकलवाल्या मामांनाही नमस्कार.
सखारामला ओटीवर बोलावले. वाचून दाखवले. पागोट्याच्या टोकाने डोळे पुसत म्हणाला, भाऊसाहेब, पुन्हा एकदा वाचा.
वाचले.