शंभरावी मुलगी

प्रिय मालन,

अक्षर मुद्दाम मोठं काढते आहे. कुणाकडून वाचून घेऊ नकोस, हे तुझ्या-माझ्यातलं आहे.

आमच्या पाटी-दप्तर मंडळाला यंदा चाळीस वर्षं झाली. आमची नवी चिटणीस उर्वी, तिनं मंडळाचा इतिहास लिहायचं काम माझ्यावर ढकललं. तेव्हापासून नौपाड्यातल्या घरात जुन्या वह्या पसरून बसले आहे. काय बायका होत्या गं! भर उन्हात छत्र्या घेऊन कोळीवाड्यात शिरायच्या आणि शाळा सुटलेल्या मुलींच्या घरी ठाण मांडायच्या. चहाला नाही म्हणायचं नाही आणि मुलगी युनिफॉर्ममध्ये स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय वहीत 'परत आली' लिहायचं नाही, हे आमचे दोन नियम.

तुझ्या घरी मी पाच वेळा आले. पाचव्यांदा तू युनिफॉर्म घालून दारात उभी होतीस. आई बाजारात, वडील हसतमुख. मी वहीत लिहिलं, मालन, सातवी, परत आली. तू आमची शंभरावी. आठवड्यानं सभेत मला हार घातला, पेढे वाटले.

परवा तुझ्याकडून बोंबील घेताना पुस्तकाचा विषय निघाला, तर तू हसत म्हणालीस, "बाई, त्यो झगा शेजारच्या पोरीचा व्हता. मी तं दुसऱ्या दिवसापासून आयेसंगं बाजारात." आणि वर विचारलंस, "पुस्तकात माजं नाव हाय ना?"

तुला वाटलं, बाई चकित झाल्या. नाही गं. झगा तुला गुडघ्याच्या वीतभर वर होता, बाह्या काखेत काचत होत्या. मला तेव्हाच दिसलं होतं. शंभर पुरे करायचे होते, म्हणून मी चहा प्यायले आणि गप्प बसले. सदतीस वर्षं ही लाज घेऊन वावरते आहे.

छापायला देण्याआधी ते पान मी बदललं. नव्याण्णव मुली परत आल्या आणि शंभरावीला मी फसवलं, असं लिहिलंय. उर्वी रुसली आहे, रुसू दे. सोबत शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचा, तो सतरा नंबरचा फॉर्म ठेवते. टोपली रिकामी झाली की ये, गणित मी घेईन. नको असेल तर फाडून टाक, माझ्यावर चीड, तुझा हक्कच आहे. पण सही केलीस, तर वहीतली ती ओळ मी खोडणार नाही. तारीख तेवढी बदलेन.

तुझी वाट बघणारी, तुझीच
सरस्वतीबाई