अर्ध्या शटरखालचा निरोप समारंभ

भोसरी,
फेब्रुवारीचा तिसरा शनिवार

ती. बुद्धरत्न मामांस,

दीक्षाचा सविनय जयभीम. मामींच्या गुडघ्यांची चौकशी आईने दोनदा आणि मी एकदा केली आहे, असं समजावं. तुमचा खोकला अजून गेला नसेल तर लिंबू-मध बंद करून डॉक्टरकडे जा, असा आईचा निरोप आहे (मूळ निरोप बराच लांब होता, त्यातला सभ्य भाग कळवला). आम्ही इकडे ठीक आहोत. पप्पांची या आठवड्यात सेकंड शिफ्ट असल्यामुळे संध्याकाळी टीव्ही आमच्या ताब्यात असतो. फोन असताना पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. एक तर दहावीच्या मराठीच्या पेपरात पत्रलेखन असतं. दुसरं म्हणजे माझा फोन परीक्षा संपेपर्यंत आईच्या कपाटात आहे. आणि तिसरं, मला जे सांगायचंय ते कुणी मध्येच तोडू नये अशी माझी इच्छा आहे.

मामा, आमच्या वर्गात आम्ही नऊ जण. पाचवीत एकेचाळीस होतो. मग कुणी इंग्रजी माध्यमात गेलं, कुणाचे वडील काम बदलून चाकणला गेले, कुणी गावी परतलं, आणि उरलो ते आम्ही. शाळेतली मराठीची ही शेवटची दहावी; जूनपासून आमच्या वर्गात कम्प्युटर बसणार आहेत (ते आमच्यापेक्षा शांत बसतील, असं मोठे सर म्हणाले). आमच्या निरोप समारंभाचं काय, असं विचारायला गेलो, तर मोठे सर म्हणाले, इंग्रजीच्या एकशे वीस मुलांबरोबरच तुमचाही उरकून टाकू, तुम्हाला तीन मिनिटं स्टेज देतो. नऊ जणांना तीन मिनिटं म्हणजे एकेकाला वीस सेकंद. गणिताच्या शेखर सरांनी हा हिशोब तपासून बरोबर दिला. वीस सेकंदांत आमच्या निमिषचं नुसतं "आदरणीय व्यासपीठ" होतं. त्याच दिवशी मधल्या सुट्टीत आम्ही ठरवलं की समारंभ होणार, आपलाच होणार आणि मोजून तीन तास होणार.

जागेचा प्रश्न आला. आधी बागेत पाहणी केली. तिथल्या वॉचमनने पाच मुलं आणि चार मुली एकत्र बघून अशी काही शिट्टी मारली की झाडावरचे पक्षीसुद्धा उठून गेले. शेवटी पूर्वीने (हे मैत्रिणीचं नाव आहे, काळ नव्हे) तिच्या बाबांचं एमआयडीसीतलं वर्कशॉप मिळवलं. गुरुवारी सगळ्या एमआयडीसीला सुट्टी, त्यामुळे मशीन बंद, जागा मोकळी. आम्हालाही अभ्यासाची सुट्टी लागली होती. शेखर सरांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. आणि प्रमुख पाहुण्या म्हणून आम्ही अंबुबाईंना बोलावलं.

अंबुबाई म्हणजे आमच्या शाळेच्या शिपाईमावशी. चोवीस वर्षं शाळेची घंटा त्याच देतात. घंटा म्हणजे टांगलेली लोखंडी पट्टी आणि एक हातोडी; हातोडीचा दांडा मोडलेला, त्यावर चिंध्या गुंडाळलेल्या. जूनपासून इलेक्ट्रिक बेल येणार म्हणून त्यांना "आता घरी आराम करा" असं सांगण्यात आलंय. त्यांच्या निरोपाला तर वीस सेकंदही कुणी ठेवले नव्हते.

आता गुरुवारचं ऐका. सकाळी अकराला शटर उघडायला गेलो, तर ते अर्ध्यावर येऊन अडकलं. सहा जण लोंबकळलो, तरी जागचं हललं नाही. मग पाहुण्यांना वाकून आत यावं लागलं, त्यामुळे जो येईल तो आम्हाला मुजरा करत येतोय असं दिसत होतं. शेखर सर उंच. ते जरा लवकर ताठ झाले आणि पुढची पंधरा मिनिटं डोक्यावर बर्फाची पिशवी धरून बसले. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइटही जाते, हे पूर्वी सांगायला विसरली होती. भाड्याने आणलेला माइक निमिषने तरीही हातातून सोडला नाही. बंद माइकमध्ये तो सूत्रसंचालन करत होता आणि मधूनमधून "हॅलो, चेक" म्हणत होता. लेथवर धातू कातताना निघालेल्या ॲल्युमिनियमच्या कुरळ्या पट्ट्यांची तोरणं मी केली होती. फार सुंदर दिसत होती. त्यातलं एक पूर्वीच्या ओढणीत असं अडकलं की फीत कापायची कात्री तिकडेच वापरावी लागली.

खरा घोळ झाला तो फिशपाँडचा. प्रत्येकाला उद्देशून एक टोमणा चिठ्ठीवर लिहायचा, डब्यात टाकायचा आणि सगळ्यांसमोर वाचायचा, असा हा प्रकार. आम्ही आठवडाभर खपून पंचेचाळीस चिठ्ठ्या लिहिल्या होत्या (त्यातल्या वीस निमिषवर, त्याला माहीत नव्हतं). तो डबा त्याने ऐटीत मशीनवर ठेवला आणि "आता ज्या क्षणाची आपण वाट बघत होतो" म्हणत हात असा फिरवला की डबा थेट खालच्या ट्रेमध्ये. त्या ट्रेमध्ये मशीन थंड ठेवायचं दुधासारखं पाणी भरलेलं असतं. चिठ्ठ्या काढल्या तेव्हा शाई पाण्यात आणि कागद आमच्या हातात. पूर्वी रडायलाच लागली. मलाही वाटलं, मोठे सर म्हणाले तेच बरोबर होतं. तीन मिनिटं घेऊन गप्प बसायला हवं होतं.

तेवढ्यात अंबुबाई खुर्चीवरून उठल्या. "चिठ्ठ्या कशाला पायजेत? मला समदं तोंडपाठ हाय."

मामा, त्यानंतर पाऊण तास त्या बोलल्या. हातात कागद नाही, माइक नाही. निमिषला म्हणाल्या, "ह्यो पाचवीत दर सोमवारी पोट धरून माझ्याजवळ बसायचा. बोलायचं भ्या वाटायचं त्याला. आता कुनी गप बसवून दाखवा!" निमिषने पहिल्यांदाच माइक खाली ठेवला. मग मला म्हणाल्या, "दीक्षा, तू येका बी दिवशी येळेवर आली न्हाईस. आनि येका बी दिवशी आलीच न्हाईस, असं बी झालं न्हाई." (आईला यातलं दुसरं वाक्य आधी सांगावं.) शेखर सर हसत होते तर त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "सर, तुमी हसू नगा. पयल्या दिवशी वर्गात जायच्या आदी माझ्याकडनं तीन गलास पानी मागून प्याला व्हता." सर म्हणाले, "चार." आणि चष्मा पुसायला लागले.

शेवटी त्यांचा सत्कार मी केला. दोन रविवार पूर्वीच्या बाबांनी मला लेथवर उभं केलं होतं. ते शेजारी उभे राहायचे, चाक मी फिरवायची. पहिले दोन तुकडे वाया गेले, तिसऱ्यातून नवी हातोडी झाली, दांड्यासकट पोलादी. मोठ्या अक्षरांत "अंबुबाई" कोरायचं होतं, पण जागा "अंबु"लाच संपली. त्यांनी ती हातात तोलून बघितली. "आता कशावर मारू गं हिला?" एवढंच म्हणाल्या. मग त्याच उठल्या, शेडच्या लोखंडी खांबापाशी गेल्या आणि शाळा सुटल्याचे टोल दिले. सगळी शेड घुमली. शेजारच्या शेडचा वॉचमन पळत आला, अर्ध्या शटरखालून वाकून बघितलं आणि आम्ही सगळे रडतोय हे बघून चपला काढून आत आला. त्याला वाटलं, कुणीतरी गेलं. आम्ही त्याला सामोसा दिला.

बाकी सर्व क्षेम. मामींना आणि सगळ्या भावंडांना माझा जयभीम.

तुमची भाची,
दीक्षा

ता. क. १ : पत्रलेखनात मुख्य विषय सुरुवातीला मांडावा असं मराठीच्या बाई सांगतात. माझा राहून गेला. मला अकरावीला जायचं नाही. मला मेकॅनिकल डिप्लोमाला जायचंय आणि मशीनवर काम शिकायचंय. पप्पांचं म्हणणं, मी बावीस वर्षं मशीनपुढे उभा राहिलो ते पोरीने उभं राहावं म्हणून नाही. त्यांचे पाय रोज मीच चेपते, म्हणून त्यांचं म्हणणं मला कळतं. तरी मी जाणार आहे. त्यांना कंपनीत तुम्हीच लावलंत, त्यामुळे या घरात ते फक्त तुमचं ऐकतात. तुम्ही समजवा.

ता. क. २ : समजवायचं फार काही उरलेलं नाही. तुम्ही होकार दिलाय, असं मी त्यांना काल सांगून टाकलंय.

ता. क. ३ : ते ऐकून पप्पा येत्या गुरुवारी सकाळी तुमच्याकडे राजगुरुनगरला जातो म्हणाले. पोस्टाचा भरवसा नाही. पत्राच्या आधी पप्पाच दारात उभे राहिले, तर कृपया वरचं सगळं तुम्हाला माहीत आहे असं समजून बोलावं.