घर क्रमांक नऊचा वीजपुरवठा

४ जून

डोंगर खचला. काल प्लास्टर ऑफ पॅरिसचा शेवटचा थर दिला तेव्हा भक्कम वाटत होता. आज सकाळी तो बोगद्याच्या तोंडावर बसलेला, आणि इंजीन आत. बाबा म्हणाले, "अपघात म्हणू नकोस. मार्ग तात्पुरता बंद, असं म्हण." तेहतीस वर्षे वीज कार्यालयात तक्रारींच्या खिडकीमागे बसलेला माणूस — शब्द जपूनच वापरणार.

दोष माझा. डोंगराच्या पोटात तारेची जाळी घालायची असते. मी वर्तमानपत्राच्या बोळ्यांवर भागवले. त्यातही अग्रलेखांची पाने घेतली. त्यांच्या आधारावर काय उभे राहणार?

निवृत्तीनंतर बाबा कोमेजत चालले होते. मग मार्चमध्ये त्यांनी एकाएकी छोटी रेल्वे विकत आणली — रूळ, इंजीन, चार डबे — आणि मागच्या खोलीतल्या दोन जोडलेल्या टेबलांवर मांडली. माणसाला विरंगुळा हवा, असे मी मनाशी म्हटले, आणि डोंगर, झाडे, घरे व दिवे या चार खात्यांचा भार उचलला. त्यांना जवळचे दिसत नाही. मलाही दुसरे काम नव्हते. विद्यापीठात पहिली आल्यापासून मी घरीच आहे.

७ जून

महाविद्यालयाचे पत्र आले. इतिहासाच्या अध्यापनासाठी माझी निवड झाली आहे. पंचवीस तारखेपर्यंत होकार कळवायचा, जुलैत रुजू व्हायचे. गाव इथून नऊ तासांवर.

काहीतरी गफलत असावी. जानेवारीतल्या मुलाखतीत मी तीन प्रश्नांना "हो" म्हटले होते आणि चौथ्याला "पाणी मिळेल का?" एवढेच. माझ्या वतीने गुणपत्रिका बोलली असणार.

आई म्हणाली, "साठ पोरं समोर बसतील. होईल सवय." साठ! मला दुकानदाराला सुटे आहेत का विचारतानाही मनात दोनदा तालीम करावी लागते.

बाबांनी पत्र चष्म्यावरून आणि चष्म्यातून असे दोनदा वाचले, मूळच्या घडीवर घडी घातली आणि म्हणाले, "तारीख लक्षात ठेव." मग थोड्या वेळाने, "स्टेशनच्या दिव्यांचं कुठवर आलंय?"

टेबलावरचे हे गाव अंधारात सोडून मी कशी जाणार? आईला तसे सांगितले. शिवणयंत्रावरची मान वर न करता ती म्हणाली, "बरं." आईच्या "बरं"वर कोणी प्रबंध लिहिलेला नाही, हे आश्चर्य आहे.

९ जून

पहिल्या घरात दिवा लागला. उजेड खिडक्यांतून यावा अशी अपेक्षा. तो भिंतींतूनही आला, छपरातूनही आला. पुठ्ठ्याचे घर कंदिलाच्या काचेसारखे सबंध लालसर पेटले. बाबा बराच वेळ पाहत राहिले. "या लोकांना पडदे लावून उपयोग नाही," म्हणाले.

ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकात उपाय सापडला: भिंतींना आतून काळा रंग द्यावा, खिडक्यांना आतून पातळ कागद चिकटवावा. पान एकेचाळीस. ते प्रकरण "नवशिक्यांसाठी" असल्यामुळे मी बेचाळिसाव्या पानापासून वाचायला सुरुवात केली होती.

१० जून

नऊ घरे आतून काळी केली. बाहेरून प्रसन्न पिवळी. ओळखीच्या काही माणसांची आठवण झाली.

११ जून

बाबांनी घरांना क्रमांक दिले, प्रत्येकाला मीटर दिला (टाचणीच्या डोक्याएवढा), आणि एक जाड वही आखली: तक्रार क्रमांक, घर, तपशील, शेरा. नियम कडक आहे. तोंडी तक्रार घेतली जाणार नाही. दिवा गेला तर मी अर्ज लिहायचा, बाबा तपासणी करणार, मग शेरा मारणार. तोंडी काही नाही — माझ्यासाठी याहून आदर्श राज्यव्यवस्था नाही.

प्रत्येक घरात कोण राहते तेही लिहायचे होते. एकमध्ये स्टेशनमास्तर. चारमध्ये भांडकुदळ जावा. सातमध्ये दाढदुखी झालेला शिंपी. ही आईची सूचना.

"नऊ नंबरात कोण?" बाबांनी विचारले.

"अजून कोणी आलेलं नाही."

"मग दिवा कशाला?"

"येईल कोणीतरी."

बाबांनी लिहिले: ग्राहक — यावयाचा आहे.

१४ जून

भर दुपारी पडदे ओढून संपूर्ण गाव उजळले. फलाटावर सहा दिवे, रस्त्यावर अकरा, घरे नऊ. भांडी घासायच्या हिरव्या घासणीची झाडे, रंगवलेल्या लाकडी भुशाचे गवत. गाडी बोगद्यातून बाहेर आली तेव्हा माझ्या तोंडून चक्क शब्द फुटेना — नेहमीचेच, पण या वेळी कारण वेगळे.

आईला बोलावले. ती कमरेवर हात ठेवून सगळे गाव फिरली. म्हणाली, "इतकी घरं, आणि एकाच्याही दारात कपडे वाळत नाहीत? धुतात की नाही?" तिनेच दोरा बांधला आणि नखाएवढ्या चिंध्या टांगल्या. तेव्हा कुठे ते गाव झाले.

"झालं की मग पूर्ण," बाबा माझ्याकडे बघून म्हणाले.

"झालं कुठे," मी म्हटले. काय राहिले ते मात्र सांगता येईना. होकाराला अकरा दिवस उरले आहेत.

१५ जून

घर क्रमांक नऊ अंधारात. तक्रार क्रमांक एक. बाबांचा शेरा: टेबलाखाली तारा जोडायच्या पट्टीतला स्क्रू ढिला. आवळला.

१६ जून

घर क्रमांक चार, शिवाय फलाटावरचे दोन दिवे. जावांनी अंधारातही भांडण चालू ठेवले असेल. तक्रार क्रमांक दोन आणि तीन. स्क्रू ढिले. आवळले.

आई म्हणाली, "पत्राचं काय केलंस?" म्हटले, "बाबांच्या गावात रोज दिवे जातायत, बघतेस ना."

"बघतेय," ती म्हणाली.

१७ जून

सात. शिंपी. स्क्रू.

१८ जून

ही रोजनिशी माझ्याशिवाय कोणी वाचत नाही. तिच्याशीही सभ्यपणा पाळायचा तर मग लिहायचेच कशाला?

स्क्रू मी ढिले करते. बाबा सकाळी दूध आणायला जातात तेव्हा. जाऊन-येऊन बारा मिनिटे. एक स्क्रू, अर्धा फेरा. मग हात धुऊन पुस्तक घेऊन बसते, आणि बाबा आले की सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिते: "महोदय, आज सकाळपासून आमच्या घरी वीज नाही." आयुष्यात प्रथमच नियमबाह्य वर्तन केले, तेही अर्जासह.

कारण सरळ आहे. गाव पूर्ण झाले की माझ्याकडे सबब उरत नाही. आणि सबब नसली की उरतात ती साठ पोरे.

२० जून

आज बाबा टेबलाखाली उताणे झोपून पट्टी तपासत होते. गुडघे बाहेर, डोके आत. मी बॅटरी धरली होती. आतून ते बोलू लागले.

"आमच्याकडे एक आजोबा यायचे. दर आठवड्याला तक्रार. दिवा गेला. लाइनमन जायचा, बघायचा तर फ्यूज काढून फडताळात ठेवलेला. आजोबांनीच."

"कशासाठी?"

"चहा करून ठेवलेला असायचा. दोन कप."

बॅटरीचा उजेड जरा हलला.

"नीट धर. — मग काय, लाइनमन चहा प्यायचा, फ्यूज बसवून यायचा."

"कोणी विचारलं नाही त्यांना?"

"काय विचारायचं? तक्रार खोटी नव्हती. दिवा गेलेलाच असायचा." मग हात बाहेर आला. "पेचकस दे. लहान."

२१ जून

आज काहीही ढिले केले नाही. सगळे दिवे व्यवस्थित लागले. फार वाईट वाटले.

२२ जून

पुन्हा केले. घर क्रमांक नऊ. तक्रार क्रमांक आठ. अर्ज नेहमीपेक्षा नम्र होता.

दुपारी तक्रारवही उघडली. बाबांचे ते कार्यालयीन, उजवीकडे झुकलेले अक्षर —

"दोष: जोडणी ग्राहकाने स्वतः सोडविलेली आहे. समज देण्याची आवश्यकता नाही. ग्राहक परगावी गेल्यास या घराचा दिवा चालू ठेवण्यात येईल. सही."

जेवताना बाबांनी मीठ मागितले. मी दिले. दोघांनीही अन्य विषय काढला नाही. आई आळीपाळीने आमच्याकडे बघत होती. मग तिनेही मीठ मागितले, जे तिला नको होते.

संध्याकाळपर्यंत त्या तीन वाक्यांत एखादी फट सापडते का ते शोधत होते. सापडली नाही. त्यांनी जा म्हटलेले नाही. राहा म्हटलेले नाही. माझी सबब तेवढी काढून घेतली आणि वर रीतसर सही केली.

२४ जून

सकाळी बाबा दुधाला गेले. बारा मिनिटे हाताशी होती. पेचकसाऐवजी फोन घेतला.

काय बोलायचे ते आधी कागदावर लिहून काढले होते, विरामचिन्हांसह. पलीकडे महाविद्यालयातले लिपिक होते. दुसऱ्या वाक्याला म्हणाले, "मॅडम, तुम्ही वाचून दाखवताय का?"

"हो."

"बरं. मग सावकाश वाचा, मी लिहून घेतो."

मी वाचले. त्यांनी लिहिले. जुलैच्या पहिल्या सोमवारी रुजू होते आहे, असे आता दोन कागदांवर नमूद आहे.

बाबा आले. पिशवी ठेवून त्यांनी गावावर एक नजर टाकली. सगळे दिवे लागलेले. "आज तक्रार नाही?"

"नाही. होकार कळवला."

ते मागच्या खोलीत गेले आणि बराच वेळ स्वच्छ असलेले रूळ पुसत राहिले. आता या माणसाचा विरंगुळा एकट्याने कसा चालणार? झाडे कोण बदलणार, स्क्रू कोण ढिले करणार? मन खाते आहे. त्यांच्यासाठी सूचनांची यादी करायला घेतली. सोळा कलमे झाली.

२६ जून

मला पोहोचवायला बाबा येणार म्हणाले. तेही आगगाडीने.

आईने तोंडातल्या टाचण्या काढल्या. "आगगाडीने? लग्नानंतर एकदाच बसले होते. तिसऱ्या स्टेशनला उतरलो आणि पुढे बसने गेलो. गाडी नुसती चाललेली बघितली तरी मळमळतं ह्यांना."

"मग हे सगळं?" मी मागच्या खोलीकडे बोट केले.

"मुलाखतीहून आलीस आणि दीड महिना दार लावून बसलीस. दुकानात जाऊन म्हणाले, पुस्तक वाचून करावं लागेल असं काहीतरी द्या. मोठ्यात मोठं."

आत गाडी सुरू होती. ती फिरू लागली की बाबा खुर्चीत मागे टेकून डोळे मिटून घेतात. तीन महिने मी त्याला तल्लीनता समजत होते.