मागच्या चाकाची डिस्क

तीर्थरूप दाजींना नमस्कार. तुमचा गुडघा आणि ताईचा राग, दोन्ही उतारावर असतील अशी आशा आहे.

मंगळवारी सकाळी देवापुढे दिवा लावला आणि दोन टनी पिकअपची मागची चाकं उतरवली. माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनमुळे महिनाभर गाडी चालवणं बंद, आणि धाकटी लेक म्हणते, तुमच्या गोदामाचा माल ती पोचवते. घाट उतरून, एकटी. (तिची आई खुशाल ‘जाऊ दे’ म्हणाली. घाट तिनं झोपेतच पाहिलाय.) मागचे ब्रेक घासत होते. ठरवलं, दोन्ही डिस्क बदलल्याशिवाय किल्ली द्यायची नाही.

तुम्ही शिकवल्याप्रमाणे आधी सावधगिरी. पुढच्या चाकांना दगड लावले, हँडब्रेक दोन्ही हातांनी ओढला, लोखंडी घोड्यांवर गाडी टेकवली, ब्रेकची पकड असलेला कॅलिपर सोडून तारेनं टांगला. पण डिस्क, म्हणजे ती जाड लोखंडी थाळी, काही हलेना. गंज असेल म्हणून तेल सोडलं. मग नामस्मरणाच्या तालावर हातोडी चालवली, म्हणजे दोन्ही कामं होतील (एकही धड झालं नाही). बुधवारी शेजारचे सुतार येऊन सल्ला देऊन गेले आणि जाताना हातोडी घेऊन गेले, ती त्यांचीच होती. मनात आलं, हा देवाचाच कौल दिसतो, पोरीनं जाऊ नये. खरं सांगतो दाजी, थोडं बरंही वाटलं.

गुरुवारी धाकटी चहा घेऊन आली, चाकाशी उकिडवी बसली. “अण्णा, हँडब्रेक सोडलाय ना? त्याचे शू या डिस्कच्या आतूनच धरतात.”

“काळजी म्हणून ओढलाय.”

“म्हणजे आतून तुम्हीच धरून ठेवलंय आणि बाहेरून तिलाच बडवताय.”

तिनं हँडब्रेक सोडला. लाकडाच्या तुकड्यानं दोन हलके ठोके, आणि बरणीचं झाकण निघावं तशी डिस्क तिच्या हातात आली. दुसरी तिनंच काढली, नव्या दोन्ही बसवल्या, मी वाटीत नट सांभाळले. कौल कोणाचा होता ते कळलं. आज सकाळी किल्ली दिली.

तुमचा,
धाकटा मेहुणा

ता. क. पत्र तिच्याच हाती देतोय. तुम्ही वाचताय म्हणजे ब्रेक लागले. तिला चहाला आत बसवा आणि तेवढ्यात मागच्या चाकांचे नट पाना लावून बघा. तिला कळू देऊ नका.

पुन्हा ता. क. पत्र परत मागून घेतलं. गाडी जागची हलेना. पुढच्या चाकांचे दगड मी काढायचे विसरलो होतो. (ती म्हणते, विसरला नव्हतात.) आत्ता माझ्या हातांनी काढून कुंपणापाशी ठेवले.