मागच्या भिंतीचा निरोप

बाबा, आपल्या आळीतल्या वाचनालयाला तुमचं नाव द्यायचं ठरलं आहे. रिटायर्ड पोस्टमास्तर काका मागच्या महिन्यात घरी आले होते. सोबत एक छोटी पुस्तिका काढायची, तुम्ही नगरसेवक असताना लोकांची काय काय कामं केलीत ते तिच्यात लिहायचं, आणि ते मीच लिहायचं, असं म्हणाले. मी बिरवाडीच्या शाळेत मराठी शिकवते, तेव्हा मला नाही म्हणायला जागा नव्हती. चहा पिता पिता काका जरा खालच्या आवाजात म्हणाले, "भिंतीचं मात्र टाळू या. माणूस चांगला होता, एकदा विसरला. आता कशाला उकरायचं?" मी मान हलवली. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, तरी महाडात तुमचा विषय निघाला की त्याचा शेवट असाच होतो. चांगला माणूस, पण विसरला.

लिहायला बसले तेव्हा आधी आपलं स्वयंपाकघर आठवलं. मिठाच्या बरणीशेजारी तुमचा शिक्का आणि शाईचा पॅड. कारखान्यातून पाळी संपवून आलात की हातपाय धुवून तिथेच पाटावर बसायचात, आणि कोणी ना कोणी दारात उभं असायचं. कुणाला रहिवासी दाखला, कुणाचं रेशनकार्ड फाटलेलं, कुणाच्या म्हाताऱ्याला दवाखान्यात न्यायचंय. अर्ज तुम्ही स्वतः लिहायचात आणि लिहून झाला की समोरच्याला वाचून दाखवायचात, कारण सही कशावर करतोय ते माणसाला कळलं पाहिजे. तळ्याकडच्या कोपऱ्यावरचा नळ, स्मशानाकडे जाताना चिखलात रुतायचं तो रस्ता, हे सगळं मी पुस्तिकेत लिहिलं. तुमचं एक बोलणंही लिहिलं. मी नऊ-दहा वर्षांची असेन. तुम्ही घरात झोपलेले असताना एका बाईला मी "बाबा नाहीत" म्हणून परत पाठवलं होतं. तुम्ही तुमच्या त्या आवाजात, न ओरडता म्हणालात, "ती हौस म्हणून आली नव्हती. दारात आलेल्याचा निरोप आपल्याजवळ ठेवायला दिलेला असतो. तो आपला नसतो." मग मला तिच्या घरी पाठवलंत, बोलवून आणायला.

आणि मी बारावीला असतानाचा तो दिवस. आई मावशीच्या बाळंतपणासाठी मुंबईला गेलेली. तीन दिवस पाऊस थांबलेला नाही. संध्याकाळी डोंगराकडच्या चाळीतली वहिनी आली, डोक्यावर प्लास्टिकचं इरलं, पाय गुडघ्यापर्यंत मातीचे. मी चुलीपाशी भाकरी थापतेय. ती उंबऱ्याच्या आत येत नाही. म्हणते, "बाय, दादा आलं की सांग गो, मागची भिंत फुगलीय. दगडांतून पानी येतंय. एकदा येऊन बघू देत. राहावं का निघावं, तेवढं सांगू देत." मी म्हणते, सांगते. ती पुन्हा विचारते, "सांगशील ना?" मी पुन्हा म्हणते, हो.

दुसऱ्या दिवशी दुपारी भिंत कोसळली. मागची एकच खोली गेली. तिचा नवरा रात्रपाळी करून आत झोपला होता. ती नळावर होती.

चार दिवसांनी आळीतल्या बुद्धविहारात लोक जमले तेव्हा बाहेर पाऊस उघडला होता. मी बायकांच्या मागे, दाराला टेकून. कोणीतरी सरळ विचारलं, "नगरसेवकाला सांगितलं होतं की नव्हतं?" सगळे वहिनीकडे बघायला लागले. तिने तोंड उघडायच्या आत तुम्ही उभे राहिलात. "वहिनी घरी आल्या होत्या," तुम्ही म्हणालात. "मला निरोप मिळाला होता. मी विसरलो." एवढंच. मग लोक जे बोलले ते तुम्ही उभ्यानेच ऐकून घेतलंत. एक म्हातारी तुमच्यासमोर येऊन थुंकली. तुम्ही माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीत. घरी येतानाही त्याबद्दल काही बोलला नाहीत, आणि पुढे कधीच नाही. पुढच्या निवडणुकीला उभे राहिलात आणि आपल्याच आळीने तुम्हाला पाडलं. दारात कोणी येईनासं झालं, तरी पाटावर बसलात की तुमची नजर दाराकडे जायची. माझं डी.एड. होईपर्यंत तुम्ही थांबलात आणि मग गेलात.

पुस्तिकेचं लिहून झालं तरी माझ्याच्याने ते काकांकडे देववेना. चौकशी केली तेव्हा कळलं, वहिनी पोलादपूरच्या वर तिच्या भावाच्या वाडीत राहते. रविवारी एसटीने गेले, शेवटचा चढ पायी. ती पडवीत सुपात नाचणी निवडत होती. दिसतं कमी.

"कोन गो?"

मी तुमचं नाव सांगितलं, तुमची मुलगी म्हणून. तिचे हात थांबले.

"तू दारात होतीस," ती म्हणाली.

मी हो म्हटलं.

"तुझा बाप आला होता माझ्याकडं. सरकारी दवाखान्यात. मानूस झाकून ठेवला होता तिथं. मी म्हनलं, पोरीजवळ निरोप दिला होता. तर म्हनला, पोर विसरली. तिचं नाव निघालं तर गावात उभी नाय राहनार. जे काय बोलायचं ते मला बोला."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हनलं, माझ्यासमोरनं जा." तिने सूप बाजूला ठेवलं. "पन नाव नाय घेतलं तुझं. कुनी कितीबी इचारलं तरी नाय घेतलं."

मी तिच्या पायांकडे हात नेला. तिने पाय आत ओढून घेतले. "ते नको. त्यानं काय व्हतंय? तुझ्या बापाचं नाव लावनार म्हंतात वाचनालयाला. लावा. माझ्या मानसाचं नाव पन कुठं तरी लिवा. त्याचं नाव कुनीच घेत नाय. भिंतीत मेला तो, असं म्हंतात." मग ती पुन्हा नाचणी निवडायला लागली.

त्या आठवड्यात मी शेवटचं पान पुन्हा लिहिलं. तिच्या नवऱ्याचं पूर्ण नाव लिहिलं, तो कारखान्याच्या कोणत्या खात्यात कामाला होता ते लिहिलं. आणि लिहिलं की नगरसेवकांपर्यंत निरोप पोचलाच नव्हता, तो त्यांच्या मुलीकडे होता, मुलगी सांगायला विसरली आणि त्यांनी ते स्वतःवर घेतलं. काकांनी वाचून चष्मा काढला, पुसला. मग म्हणाले, छापतो. पुस्तिका आळीत वाटून झाली. मला वाटलं होतं, लोक तोंड फिरवतील. तसं काहीच झालं नाही. ज्यांनी तुम्हाला पाडलं त्या बायका पाठीवरून हात फिरवून गेल्या. "पोरवय होतं गो. अभ्यासाच्या नादात राहून जातं."

बाबा, हे पत्र कुठे पाठवणार? पण पुस्तिकेत जे लिहिता आलं नाही ते तुम्हाला सांगायचं आहे. मी विसरले नव्हते. तुम्ही भिजून आलात, जेवायला बसलात, त्या रात्री नेमकं दारात कोणीच आलं नाही, आणि मी पहिल्यांदाच एकटीने केलेल्या भाकरीला तुम्ही "आईच्या हातची वाटते" म्हणालात. दुसरी भाकरी वाढताना मला वहिनी आठवली होती. सांगितलं असतं तर तुम्ही ताट तसंच ठेवून उठला असतात. मी मनात म्हटलं, सकाळी सांगू. सकाळी जाग आली तेव्हा तुम्ही पहिल्या पाळीला गेला होतात.